लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९; मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे संस्थापक होते. रंगांधत्वामुळे चित्रकला सोडून ते यंत्ररेखनाकडे वळले. मुंबईत काही काळ अध्यापन केल्यावर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान व पुढे शेती-अवजारांचा कारखाना काढला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, या समजुतीपायी त्यांचे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले.

शहरवाढीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिले. निवडुंग व सापांनी भरलेल्या, पाण्याची टंचाई असलेल्या त्या माळाची जमेची बाजू एकच, ती म्हणजे रेल्वे. लोखंड आणण्याची व नांगर पाठविण्याची वाट तीच होती. १९१० साली तेथे वस्ती सुरू झाली. एरवी बाजारपेठेभोवती गाव वाढते आणि कारखाने मागाहून येतात. येथे क्रम उलटा होता. घरे, रस्ते, शाळा, स्वच्छता ही नगरपालिकेची कामे कारखान्यानेच अंगावर घेतली. अर्थात, सारी वस्ती एकाच धंद्यावर विसंबून असल्याने कारखान्यावरील संकट हे गावावरीलच संकट ठरे. पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा दुर्मीळ झाले. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कारखान्याची मोठी हानी झाली, तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्यात असून कुंडल रोड स्थानकालाही तेच नाव मिळाले आहे.