बेगम रुकय्या: भावाने दिलेला धडा आणि पाच मुलींची शाळा

दरवर्षी ९ डिसेंबरला बांगलादेशात 'रुकय्या दिन' पाळला जातो. बेगम रुकय्या सखावत हुसेन यांचा जन्मदिवस हाच, आणि १९३२ साली त्यांचा इंतकालही याच तारखेला झाला. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपली मुले सावित्रीबाई आणि फातिमा शेख ही नावे पटकन सांगतात. रुकय्यांचे नाव विचारले तर वर्ग गप्प होतो. म्हणून आज त्यांची हकीकत, खास करून ज्यांच्या घरात वयात येणारी मुले-मुली आहेत त्या पालकांसाठी.

रुकय्या १८८० मध्ये बंगालच्या रंगपूर जिल्ह्यात, पायराबंद गावी जन्मल्या. वडील जमीनदार, अनेक भाषा जाणणारे. मुलगे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. मुलींचा हिशेब मात्र वेगळा. कुरआन शरीफची तिलावत, थोडी उर्दू-फारसी, बस्स. बंगाली ही सामान्य लोकांची भाषा, ती खानदानी मुलीने कशाला शिकायची? इंग्रजीचा तर प्रश्नच नव्हता. पडदा इतका कडक की पाच वर्षांच्या रुकय्याला परक्या बायकांपासूनही लपावे लागे. एकदा घरात बाहेरगावच्या दोन मोलकरणी आल्या, तर या लेकराला माळ्यावर लपून बसावे लागले. मोठेपणी त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले.

थोरली बहीण करीमुन्निसा हिला बंगाली वाचनाची फार ओढ होती. ते उघडकीस आले, नातेवाइकांत चर्चा झाली आणि पंधरा वर्षांची व्हायच्या आत तिचे लग्न लावून दिले गेले. धाकटीने यातून काय शिकायला हवे होते? पुस्तकाला हात लावू नये, हेच ना? पण या घरात एक भाऊही होता, इब्राहीम साबिर. रात्री सगळे झोपले की तो मेणबत्ती लावून रुकय्याला इंग्रजी आणि बंगाली शिकवायचा. पुढे रुकय्यांनी आपली 'पद्मराग' ही कादंबरी याच भावाला अर्पण केली. करीमुन्निसाही लग्नानंतर धाकट्या बहिणीला बंगालीत लिहायला हिंमत देत राहिली.

जरा इथे थांबू या. इब्राहीमला कॉलेजात जागा होती, घरात मान होता. बहीण शिकली नाही म्हणून त्याचे काही अडत नव्हते. तरी मला मिळते ते हिला का नाही, असे त्याला वाटले आणि आपली झोप मोडून तो शिकवायला बसला. वयात येणाऱ्या मुलाला मर्दानगी म्हणजे काय हे सांगायचे असेल तर मी इब्राहीमचे उदाहरण देतो.

विशीच्या आतच रुकय्यांचा निकाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते वयाने बरेच मोठे, पहिली बीवी वारलेली, मातृभाषा उर्दू. पण बीवीने वाचावे, लिहावे यासाठी ते स्वतः आग्रही होते. १९०५ मध्ये रुकय्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात बंद असतात आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर यंत्रे चालवतात. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलगे आधी खदाखदा हसतात. मग एखादा विचारतो, सर, असे कोंडून ठेवणे बरोबर आहे का? तेवढा प्रश्न पडला तरी खूप झाले.

पुढचा काळ कठीण गेला. दोन मुली झाल्या, दोन्ही तान्हेपणीच गेल्या. शौहरना मधुमेहाने ग्रासले, त्यांची नजर गेली. रुकय्यांनी त्यांची सेवा केली. मे १९०९ मध्ये ते वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. पाचच महिन्यांत रुकय्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. पण सावत्र मुलीच्या घरच्यांशी मालमत्तेवरून वाद झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. मार्च १९११ मध्ये कलकत्त्यात एका भाड्याच्या घरात शाळा पुन्हा उघडली, या वेळी आठ मुली घेऊन.

विशेष म्हणजे रुकय्या स्वतः कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. वर्ग कसा चालवतात हेही ठाऊक नव्हते. त्याची लाज न बाळगता त्या शहरातल्या इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या, पाहिले, शिकल्या. आपल्याला काय येत नाही हे मोकळेपणाने मान्य करणे हासुद्धा आत्मविश्वासच आहे. चुकले तर हसतील म्हणून हात वर न करणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

लोकांची बोलणी तर रोजचीच. शाळेच्या गाडीला पडदे इतके घट्ट लावले की मुली आत गुदमरून बेशुद्ध पडू लागल्या. पडदे थोडे सैल केले तर बेपर्दगीच्या तक्रारींची पत्रे आली. रुकय्या ना रागावून शाळा बंद करून बसल्या, ना पालकांशी नाते तोडले. त्या स्वतः बुरखा वापरत. मुलीच्या अंगावरचा बुरखा तालीमच्या आड येत नाही, तिला जगापासून तोडणारी कोंडी आड येते, हे त्यांनी शांतपणे मांडले. त्या घरोघरी जाऊन मुली मागत राहिल्या. शाळेत कुरआनबरोबर भाषा, प्रथमोपचार, शिवण आणि व्यायामही होता. १९१६ मध्ये त्यांनी गरीब, विधवा बायकांना आधार देणारी अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम स्थापन केली. शाळा पुढे हायस्कूल झाली. सखावत मेमोरियल या नावाने ती कोलकात्यात आजही चालू आहे.

घरात उर्दू आणि बाहेर मराठी अशी कसरत आपली मुले रोज करतात. काही जण यातल्या एका भाषेची लाज बाळगतात. रुकय्यांनी उर्दूत शाळा चालवली, बंगालीत पुस्तके लिहिली, इंग्रजीत कथा लिहिली. कुठलीच भाषा त्यांनी परकी मानली नाही.

तेव्हा या आठवड्यात आपल्या घराकडे जरा बघा. जेवताना पाणी आणायला कोण उठते? ट्यूशनचे पैसे कमी पडले तर कोणाची ट्यूशन बंद होते? मुलगा रडला तर त्याला काय ऐकवले जाते? बेटीला रुकय्या सांगा, आणि बेट्याला इब्राहीम सांगायला विसरू नका.