फादर सांतापाव: बोरिवलीच्या जंगलातल्या फुलांची नोंद ठेवणारा स्पॅनिश धर्मगुरू

बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हटलं की आपल्याला बिबट्या आठवतो, कान्हेरीची लेणी आठवतात. फुलं सहसा कुणाला आठवत नाहीत. पण सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एक स्पॅनिश धर्मगुरू याच जंगलातल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद करत होते. त्यांचं नाव फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव.

त्यांचा जन्म 1903 साली स्पेनमध्ये झाला. जेसुइट पंथाचे सदस्य म्हणून ते 1928 मध्ये भारतात आले. पुढे लंडनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकून ते परतले आणि 1940 पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये शिकवू लागले.

सुट्टी मिळाली की ते सह्याद्रीत जायचे. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये आला, पुरंदरवरचा 1957 मध्ये. या दोन्हींच्या मधल्या काळात, एका सहकाऱ्यासोबत त्यांनी बोरिवलीच्या जंगलावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा या उद्यानाचं नाव होतं कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान.

अशा नोंदीने काय होतं?

सह्याद्रीतली अनेक दुर्मिळ फुलं पावसाळ्यात काही आठवडेच दिसतात. कंदीलपुष्पाचंच बघा. त्याच्या नळीसारख्या फुलात बारीक माशा अडकतात. आतले केस कोमेजले की माशा सुटतात आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात. पावसाळा संपला की वेल वाळते आणि जमिनीखाली फक्त कंद उरतो.

आता त्याच जागेची पाहणी कुणी एप्रिलमध्ये केली तर? कागदावर ती जागा मोकळी जमीन ठरते. तिथे रस्ता गेला किंवा बांधकाम झालं, तर नेमकं काय गेलं हे कुणाला कळतही नाही. कारवीसारखं झुडूप तर साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं. म्हणून कोणती वनस्पती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, ही नोंद संवर्धनाची पहिली पायरी ठरते.

सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये अशा नोंदींसह वाळवून ठेवलेले लाखाहून अधिक नमुने आहेत. सांतापाव यांनी या संग्रहात मोठी भर घातली.

त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं होतं. 1961 ते 1967 या काळात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 13 जानेवारी 1970 रोजी त्यांचं निधन झालं.

सह्याद्रीतल्या एका दुर्मिळ कंदीलपुष्पाला त्यांचं नाव दिलेलं आहे: सेरोपेजिया सांतापावी. हे फूल टिकवायचं असेल तर आधी ते कुठे उगवतं हे माहीत असायला हवं, आणि ती जागा उन्हाळ्यात रिकामी दिसली तरी तशीच राखायला हवी.