तथागतांची चित्रकथा काढणारा जपानी डॉक्टर : ओसामु तेझुका

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिली गोष्ट होते ती भिंती मोकळ्या होण्याची. देव्हारा निघतो, जुन्या तसबिरी उतरतात आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लागते. मोठ्या माणसांना एवढे पुरते. पण लहान मुलांचे काय? त्यांना गोष्ट हवी असते आणि गोष्टीत चित्रे हवी असतात. बाजारातून चित्रांचे पुस्तक आणावे तर बहुतेकांत तेच देव, तेच राक्षस, तेच वर आणि तेच शाप. बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्यांना आपण निरोप दिला तेच सारे मागल्या दाराने मुलांच्या मनात शिरते. विहारात वंदना आटोपल्यावर आयाबाया विचारतात की मुलांच्या हाती द्यावे तरी काय?

हा प्रश्न आजचा नाही. सांची-भारहूतच्या कारागिरांनी जातककथा दगडात कोरल्या, अजिंठ्याच्या चित्रकारांनी त्या भिंतीवर रंगविल्या. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही त्या वाचता येत. आणि ही परंपरा तुटली की काय होते, तेही आपण नाशिककरांनी पाहिले आहे. त्रिरश्मी डोंगरातील लेणी ही बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. राजमाता गौतमी बलश्रीचा दानलेख आजही तिथे भिंतीवर आहे. पण गावात कोणालाही विचारा, तो पांडवलेणी असेच नाव सांगेल. बुद्धाची गोष्ट सांगणारे उरले नाहीत, म्हणून बुद्धाच्या लेण्याला पांडवांचे नाव चिकटले.

म्हणूनच आज एका परदेशी माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते. हा माणूस भिक्खू नव्हता, पंडित नव्हता. तो शिकला होता डॉक्टरकी आणि आयुष्यभर काढत राहिला चित्रकथा. तथागतांचे चरित्र त्याने मुलांसाठी चित्रांतून सांगितले, आणि त्या चरित्राचे दार ज्या माणसांपासून उघडले, ती माणसे आपली आहेत.

ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी जपानमधील ओसाका प्रांतात टोयोनाका येथे झाला. बालपण जवळच्या ताकाराझुका गावी गेले. घर सुखवस्तू होते. वडिलांना सिनेमाचा नाद, घरात लहानसा प्रोजेक्टर, त्यावर चॅप्लिनचे आणि डिस्नेचे मूकपट मुले पाहत. आई नाटकाला नेई. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा, केस कुरळे, असा हा मुलगा शाळेत चेष्टेचा विषय झाला. पण तो चित्रे काढतो आणि चित्रांतून गोष्ट सांगतो हे कळल्यावर चेष्टा करणारेच त्याच्या भोवती गोळा होऊ लागले. दुसरा छंद किड्यांचा. रानात हिंडून भुंगे जमवायचे, त्यांची बारीकसारीक चित्रे वहीत उतरवायची. ओसामुशी नावाचा एक भुंगा असतो. त्याचे नाव आपल्या नावाशी जुळते म्हणून या मुलाने आपल्या सहीत किडा या अर्थाचे अक्षर जोडून टाकले. ती सही त्यांनी मरेपर्यंत बदलली नाही.

मग युद्ध आले. शाळकरी मुलांना शस्त्रांच्या कारखान्यात जुंपले गेले, त्यात तेझुकाही होते. तिथेही ते लपूनछपून चित्रे काढीत. जून १९४५ मध्ये ओसाकावर विमानांनी बॉम्बचा वर्षाव केला, तेव्हा ते तिथेच होते आणि थोडक्यात वाचले. आजूबाजूला माणसांच्या प्रेतांचा खच पडला होता. वय अवघे सोळा. पुढे १५ ऑगस्टला जपानने शरणागती पत्करली आणि कित्येक महिन्यांनंतर ओसाका शहरात दिवे लागले. ते दिवे पाहून, आपण जिवंत आहोत, हे त्या मुलाला खऱ्या अर्थाने उमगले. तेझुका यांच्या कथांतून युद्धाचा जो तिटकारा दिसतो त्याचे मूळ या दोन दिवसांत आहे.

त्याच वर्षी ते ओसाका विद्यापीठात वैद्यकी शिकू लागले. लहानपणी हातांना भयंकर गजकर्ण होऊन हात गमावण्याची पाळी आली होती, एका डॉक्टरने ते वाचविले. डॉक्टर होण्याची इच्छा तेव्हापासूनची. पण जानेवारी १९४६ मध्ये मुलांच्या एका वृत्तपत्रात त्यांची पहिली चित्रमालिका सुरू झाली, आणि १९४७ साली ‘नवे खजिन्याचे बेट’ हे पुस्तक निघाले. युद्धाने कंगाल झालेल्या देशात, हलक्या कागदावर छापलेल्या या पुस्तकाच्या चार लाख प्रती खपल्या असे सांगतात. त्यात नवे काय होते? गाडी धावते तर ती एकाच चौकटीत उभी न राहता अनेक चौकटींतून, कधी जवळून, कधी लांबून, धावत येते. सिनेमा पाहून तयार झालेला डोळा कागदावर उतरला होता.

आता दोन दगडांवर पाय झाले. एकीकडे शवविच्छेदन, दुसरीकडे संपादकांचा तगादा. प्राध्यापकांनीही सुचविले की तू चित्रांकडेच जा. आईला विचारले, तर तिने मनाला जे अधिक आवडते ते कर असे सांगितले. आपल्याकडे डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाला अशी मुभा देणारी आई विरळाच, आणि त्यात तिला दोष देण्यासारखेही काही नाही. पोटाची चिंता ज्याने पाहिली त्यालाच ती कळते. तेझुका यांनी मात्र शिक्षण अर्धवट टाकले नाही. ते पुरे केले, परीक्षा देऊन डॉक्टरचा परवाना मिळविला, आणि १९६१ साली गोगलगायीच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही घेतली. दवाखाना तेवढा कधी थाटला नाही.

पुढची वीस वर्षे कामाची नुसती झोड होती. १९५२ पासून ‘लोखंडी हाताचा आतोम’ ही मालिका सुरू झाली. इंग्रजी मुलखात तिला अॅस्ट्रो बॉय म्हणतात. एका शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो, तो त्याच्यासारखा यंत्रमानव बनवितो. पण हे पोर वाढत नाही म्हणून चिडून त्याला सर्कशीत विकून टाकतो. आतोमच्या जगात यंत्रमानव माणसांची सारी कामे करतात, पण त्यांना माणसाचा हक्क नाही, मान नाही. कामापुरते जवळ, एरवी दूर! ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १ जानेवारी १९६३ पासून हीच कथा हलत्या चित्रांच्या रूपात टेलिव्हिजनवर दर आठवड्याला दिसू लागली, आणि आज जगभर जे जपानी कार्टूनपट पाहिले जातात त्यांचा पाया तिथे पडला.

तेझुका यांना कोणी महात्मा समजू नये. मालिका मिळावी म्हणून त्यांनी ती फार स्वस्तात दिली, आणि त्या स्वस्ताईचा भार चित्रे काढणाऱ्या कामगारांवर पडला, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो खोटा म्हणता येणार नाही. नव्या चित्रकारांचा त्यांना हेवाही वाटे. इशिनोमोरी या तरुण चित्रकाराच्या कामावर त्यांनी कठोर टीका केली आणि मागाहून स्वतः त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. मोठेपणी असे उंबरठा चढून जाणे सोपे नसते. १९७३ साली त्यांनी उभारलेली मुशी ही चित्रपट कंपनी कर्जात बुडाली. तेझुका आता जुने झाले, असे बोलले जाऊ लागले.

याच पडत्या काळात ‘बुद्ध’ ही मालिका चालू होती. १९७२ साली मुलांच्या एका मासिकात तिचा पहिला भाग आला आणि १९८३ साली शेवटचा. अकरा वर्षे! पाने जवळजवळ तीन हजार. जपानमध्ये बुद्धाचा धम्म सहाव्या शतकात पोहोचला. तिथल्या मुलांना बुद्धमूर्ती नवी नाही. पण मूर्ती म्हणजे देवळातली, आणि विहार म्हणजे मेल्यावर लागणारी जागा, अशी तिथेही समजूत होऊन बसली होती. तेझुका यांनी त्या मूर्तीला खाली उतरवून धुळीच्या रस्त्यावर चालविले. त्यांचा सिद्धार्थ आजारी पडतो, चुकतो, रडतो, चिडतो.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. हे चरित्र राजवाड्यात सुरू होत नाही. पहिली शेकडो पाने वाचली तरी सिद्धार्थ नायक म्हणून समोर येत नाही. समोर येतो छप्रा नावाचा दासीपुत्र, शूद्र पोर. आणि तत्ता, त्याहूनही खालचा, वर्णाबाहेरचा, चोऱ्या करून पोट भरणारा नागडा मुलगा. ही दोन्ही पात्रे तेझुका यांच्या कल्पनेतील. छप्रा कोसल देशाच्या सेनापतीचा जीव वाचवतो, जन्म लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो, धनुर्विद्येत सगळ्यांना मागे टाकतो. गुण आहेत, शौर्य आहे, रूप आहे. मग त्याची आई त्याला शोधीत येते. दासी आईला ओळख द्यावी तर सर्व गेले. न द्यावी तर माणूसपण गेले. अखेर जन्म उघडा पडतो आणि माय-लेक दोघेही एकत्र मरतात. त्यानंतर सिद्धार्थाची कथा पुढे सरकते. म्हणजे बुद्ध या जगात कशासाठी हवा होता, ते तेझुका यांनी आधी दाखविले आणि मग बुद्ध दाखविला. जात लपवून नोकरी, जात लपवून भाड्याची खोली, आणि गावाकडून आई आली की शेजाऱ्यांसमोर तिच्या बोलीची धास्ती, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना छप्राची पाने उलटणे जड जाईल.

जपानी माणसाला हे कोठून सुचले, असे कोणी विचारील. अस्पृश्यता ही काही एकट्या भारताची मिरासदारी नव्हे. जपानमध्येही कातडी कमावणारे, ढोरे कापणारे, प्रेते उचलणारे लोक पिढ्यान् पिढ्या वेगळ्या वस्तीत ठेवले गेले. १८७१ च्या फर्मानाने ते कायद्याने मोकळे झाले, पण वस्तीचे नाव सांगितले की लग्न मोडे आणि नोकरी हुके. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी आपली संघटना उभी केली, आपल्या महाडच्या पाच वर्षे आधी. ज्या समाजात तेझुका वाढले त्याला ही जखम ठाऊक होती.

बौद्ध वाङ्मयातील विडूडभाची कथाही त्यांनी मोठ्या ताकदीने घेतली आहे. कोसलच्या प्रसेनजित राजाने शाक्यांची मुलगी मागितली. शाक्यांनी कुलाच्या गर्वाने दासीची मुलगी राजकन्या म्हणून पाठविली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला, आणि तो गेल्यावर त्याने बसलेला पाट दुधापाण्याने धुऊन काढला गेला. ते त्याच्या कानी गेले, आणि पुढे त्याने शाक्यांचा संहार केला. चवदार तळ्याच्या पाण्याला आपला हात लागल्यावर गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून ते शुद्ध करणारे महाडचे लोक आणि हे पाट धुणारे शाक्य यांच्यात फरक तो काय? तेझुका यांच्या पुस्तकात हा राजपुत्र नुसता खलपुरुष नाही. त्याची आग कोणी लावली हे ते विसरत नाहीत. तत्ताचीही तीच गत. कोसलच्या सैनिकांनी त्याची आई आणि बहीण मारली. तो बुद्धाजवळ येतो, बुद्धावर जीव टाकतो, तरी त्याचा सूड विझत नाही. बुद्धाच्या सहवासात आला की माणूस लगेच शांत झाला, असे सोपे उत्तर तेझुका देत नाहीत.

मात्र बौद्ध घराने एक सावधगिरी बाळगावी. हे पुस्तक म्हणजे धम्मग्रंथ नव्हे. त्यात ब्रह्मा म्हाताऱ्याच्या रूपाने येऊन सिद्धार्थाला मार्ग दाखवितो, तत्ता जनावरांच्या मनात शिरतो, ऋषींचे शाप फळतात. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, हीच जुनी समजूत तिथे आहे. बाबासाहेबांनी ती बुद्धीच्या कसोटीवर नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या तंट्याचे कारण पुढे मांडले. तेव्हा मुलाला हे पुस्तक द्यावे, पण शेजारी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही असावा, आणि ब्रह्मा आला त्या पानावर आईने किंवा वडिलांनी थांबून बोलावे. मारामारी आणि उघडी शरीरे पुष्कळ असल्याने अगदी लहानग्यांसाठी ते नाही. जाणत्या शाळकरी मुलांसाठी आहे. इंग्रजीत ते २००३ पासून आठ खंडांत निघाले, भारतातही त्याची आवृत्ती निघाली, आणि २००४ व २००५ अशी दोन वर्षे अमेरिकेतील चित्रकथांचा आयस्नर पुरस्कार त्याला मिळाला.

‘बुद्ध’ चालू असतानाच १९७३ साली त्यांनी परवाना नसलेल्या एका विलक्षण शल्यवैद्याची मालिका सुरू केली, आणि तेझुका संपले म्हणणारे गप्प झाले. घरात न थाटलेला दवाखाना असा कागदावर थाटला गेला. आयुष्यभरात त्यांनी सुमारे दीड लाख पाने काढली. झोप चार तास, कधी तीही नाही. संपादक दाराशी बसून पाने नेत.

१९८८ साली पोटाचा विकार बळावला. तो कर्करोग होता. तिकडच्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे रोग्याला हे सांगितले गेले नाही, जरी रोगी स्वतः डॉक्टर होता. रुग्णालयाच्या खाटेवरही एका वेळी तीन मालिका चालू होत्या. त्यांतली एक संगीतकार बीथोव्हेनच्या जीवनावरची. तिघी अपुऱ्या राहिल्या. शुद्ध हरपत असताना आणि परत येत असताना ते पेन्सिल मागत, काम करू द्या म्हणून विनवीत. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी टोकियो येथे त्यांचे निधन झाले. वय साठ होते. ताकाराझुका गावी १९९४ साली त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले, ज्या रानात ते लहानपणी भुंगे धरीत हिंडत त्या गावातच.