कोटितीर्थाच्या काठी राहिलेला माणूस

फेब्रुवारी संपत आला की कर्जत-खोपोली लोकलमध्ये एक काम करा. पळसदरी आलं की मोबाइलमधून मान वर काढा. पानं झडलेल्या फांद्यांवर पळस पेटलेला असतो, कुठे काटेसावर लाल झालेली, आणि मागे डोंगर अजून निळसर धुक्यात. गाडी पुढे निघते आणि डोळ्यांत उरतात नुसते रंगाचे ठिपके. पाकळ्या किती होत्या, फांद्या किती, काही सांगता येत नाही. पण झाड लक्षात राहतं.

अगदी असंच झाड काही फ्रेंच चित्रकारांनी कॅनव्हासवर आणलं. पिसारोने १८७२ साली लुव्हसिएन गावातली नुकती बहरलेली फळबाग रंगवली. १८७४ मध्ये पॅरिसला या मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात ती बाग होती. लोक हसले. चित्र अर्धवट सोडलंय, असंच त्यांना वाटलं. याच मंडळींना पुढे जग इम्प्रेशनिस्ट म्हणायला लागलं.

आता पॅरिस सोडा आणि कोल्हापूरला चला. आबालाल रहिमान हे नाव ऐकलंय? आपल्यातल्या बहुतेकांनी नसेल, आणि खरी बोच तीच आहे.

१८६०च्या सुमारास कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव अब्दुल अजीज. घराणं कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणारं. वळणदार अक्षर आणि नक्षी घरातच होती, त्यामुळे हात लहानपणीच तयार झाला. एका इंग्रज बाईंनी त्याची चित्रं पाहिली आणि त्यांच्या खटपटीने तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. तेव्हा कोल्हापूरला रेल्वेच नव्हती, ती आली १८९१ मध्ये. आबालाल पुण्यामार्गे आले असतील तर बोरघाट उतरून आपल्या कर्जतवरूनच गेले असणार!

जे. जे.मध्ये तेव्हा प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छाया-प्रकाश घोटवून घेत. त्या शिस्तीतही आबालाल चमकले, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. आता विचार करा, हातात असं पदक असताना तुम्ही काय केलं असतं? मुंबईत स्टुडिओ, शेठजींची पोर्ट्रेट्स, पैसा. आबालाल कोल्हापूरला परतले.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. (गंमत म्हणजे महाराजांचा जन्मही १८७४चाच.) पण दरबारापेक्षा आबालालांचा जीव रमला तो कोटितीर्थ तलावाच्या काठी. तिथेच ते फकिरासारखे राहिले. तलाव, रंकाळ्यावरचा संध्यामठ, पंचगंगेचा घाट, झाडं, पाणी हेच विषय पुन्हा पुन्हा. जागा तीच, पण सकाळचा उजेड वेगळा आणि तिन्हीसांजेचा वेगळा. मोनेने गवताच्या गंजी उन्हापावसात पुन्हा पुन्हा रंगवल्या, ते वेड आणि हे वेड एकच. फरक इतकाच, की आबालाल फ्रान्सला गेले नव्हते.

त्यांच्या चित्रातलं झाड जवळून बघितलं तर पान दिसत नाही, फटकारे दिसतात. दोन पावलं मागे सरका, फांदीवर ऊन पडतं. रंगही ते वनस्पतींपासून स्वतः करून बघायचे म्हणे. त्यांच्याकडे बघत कोल्हापूरची पुढची पिढी घडली. ‘सैरंध्री’वाले बाबूराव पेंटर त्यातलेच.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या धक्क्यात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. ही दंतकथा लोकांना फार आवडते. मला नाही आवडत. कलाकाराने सगळं बुडवलं म्हटलं, की ती जपायची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. त्यांनी कितीतरी चित्रं मागेल त्याला देऊन टाकली होती, त्यांचं काय झालं?

२८ डिसेंबर १९३१ला आबालाल गेले. उरलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला घरचे नेतीलच, तेव्हा एक तास मागून घ्या. चित्राला नाक लावून उभे राहा, मग हळूहळू मागे या.