ठगांवर पुस्तक लिहिणारा नळदुर्गचा टेलर साहेब, आणि त्याला ‘अप्पा’ म्हणणारा कैदी राजा

घरातल्या एखाद्या माणसाच्या हातून गुन्हा घडला की घरच्यांना दोन प्रश्न पडतात. पहिला, शिक्षा किती होणार? दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. हा पुन्हा असं करेल का?

आज काही घरं या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्रज्ञाकडून लेखी मागतात. माणूस किती धोकादायक आहे, सुधारण्याची शक्यता किती, याचा खासगी अहवाल. त्याला पैसे लागतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ सहज सापडतही नाही. पण शास्त्र नव्हतं तेव्हा लोक काय करायचे? कुंडली काढायचे. नाहीतर माणसाला लहानपणापासून ओळखणाऱ्या एखाद्या वजनदार माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायचे.

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला असाच एक वजनदार साहेब राहून गेला. नाव कर्नल फिलिप मेडोज टेलर. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं निघालं.

टेलर जन्मला 25 सप्टेंबर 1808 ला लिव्हरपूलमध्ये. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो मुंबईत उतरला. एका व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी करायची आणि पुढं भागीदार व्हायचं, असा बेत. इथं आल्यावर कळलं की पेढीच बुडायला आलीये. मग ओळखीनं निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि गडी औरंगाबादला पोहोचला. म्हणजे आयुष्यभर तो कंपनीचा नाही, तर निजामाचा नोकर राहिला. हा फरक लहान वाटतो, पण त्यामुळं तो छावणीत कमी आणि गावखेड्यात जास्त वावरला. इथल्या भाषा शिकला. हैदराबादचा सावकार विल्यम पामर याच्या मुलीशी त्यानं लग्न केलं. पामरची आई हिंदुस्थानी होती.

तरुणपणी त्यानं पोलिसाचंही काम केलं. तेव्हा ठगांचा विषय गाजत होता. प्रवाशांशी गोड बोलून सोबत करायची, रुमालानं गळा आवळायचा आणि माल घेऊन पसार व्हायचं. स्लीमन नावाच्या अधिकाऱ्यानं माफीचे साक्षीदार गाठून टोळ्यांमागून टोळ्या पकडल्या. टेलरनंही अशा कबुल्या ऐकल्या आणि त्यातून 1839 मध्ये लंडनला एक कादंबरी छापून आली. अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या खुनांची गोष्ट सांगतोय, अशी तिची मांडणी. पुस्तक तुफान गाजलं. हिंदुस्थानावरच्या इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये तिचं नाव अजून निघतं.

पण या प्रकरणाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. स्लीमनच्या खात्यानं ठगांच्या वंशावळी काढल्या. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा जावई. ज्यांनी साक्ष दिली, त्यांचा जीव वाचला, पण सुटका झाली नाही. जबलपूरला त्यांची वसाहत केली, तिथं तंबू आणि गालिचे विणायला लावले. बायकामुलंही त्याच नजरेखाली. बाप ठग म्हणून पोरावर लक्ष. माणसाचा धोका त्याच्या रक्तावरून मोजायचा, असा तो हिशेब. याच विचाराची पुढची पायरी म्हणजे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याचे चटके आपल्याकडच्या पारध्यांसह कितीतरी समाजांनी पिढ्यानपिढ्या सोसले. टेलरनं तो कायदा केला नव्हता, पण ठगांची दहशत घरोघर पोहोचवण्यात त्याच्या पुस्तकाचा वाटा मोठाच म्हणावा लागेल.

आता दुसरी गोष्ट.

1841 च्या सुमारास टेलरला शोरापूरला पाठवलं. आजचं सुरपूर, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं. हे बेरड नायकांचं संस्थान. औरंगजेबानं आयुष्यातला शेवटचा वेढा 1705 मध्ये ज्या वाकिनखेड्याला घातला, ते याच घराण्याचं. टेलर पोहोचला तेव्हा राजा वारला होता, गादीवर वेंकटप्पा नायक नावाचं लहान पोरगं होतं आणि कारभार राणी ईश्वरम्माच्या हातात. राणी आणि टेलर यांचं कधीच धड पटलं नाही. पण पोराचा टेलरवर जीव जडला. तो त्याला अप्पा म्हणायचा.

टेलरच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. राणी आजारी पडली, आता वाचत नाही असं तिला वाटलं. तेव्हा जपून ठेवलेली पोराची कुंडली टेलरपुढं आली. तिच्यात होतं की हा चोविसावं वर्ष पुरं करणार नाही. वाचून साहेब हसला असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्यानं ती गोष्ट मनात ठेवली आणि बाहेर कुठं बोलला नाही.

1853 मध्ये राजा कर्ता झाला आणि टेलरनं शोरापूर सोडलं. त्याच वर्षी निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडं दिला. नळदुर्गचा कारभार टेलरकडं आला. किल्ला, बोरी नदीवरचा बंधारा, त्यातला पाणीमहाल, सगळं त्याच्या रोजच्या वाटेवर. जमिनीची मोजणी, रस्ते ही कामं त्यानं काढली. लोक आपल्याला महादेवबाबा म्हणत, असं त्यानं लिहून ठेवलंय. स्वतःबद्दल स्वतःच लिहिलेलं, तेव्हा थोडं मीठ लावून घ्यावं. पण या मातीशी त्याचं नातं खोटं नव्हतं. पुढं 1863 मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, आणि काळ आहे शिवाजी महाराज आणि अफझलखानाचा.

1857 उजाडलं. टेलरला नळदुर्गहून तातडीनं वऱ्हाडात बुलढाण्याकडं पाठवलं, सोबत फौज नाही. इकडं शोरापुरात वेंकटप्पा उठावात सामील झाला. फेब्रुवारी 1858 मध्ये लढाई झाली, एक इंग्रज कप्तान मारला गेला. राजा निसटून हैदराबादला गेला आणि तिथं पकडला गेला. सालारजंगानं त्याला रेसिडेंटच्या हवाली केलं.

सुरपूरकरांसाठी तो सत्तावन्नचा वीर आहे, आणि आपल्यासाठीही. पण सरकारच्या कागदावर तो बंडखोर होता, आणि बंडाला शिक्षा एकच होती.

टेलर त्याला सिकंदराबादच्या कैदेत भेटला. पोरगा गळ्यात पडून रडला. रेसिडेंटला भडकावणाऱ्यांची नावं हवी होती. टेलरच्या सांगण्याप्रमाणं, वेंकटप्पानं स्वतःचं सगळं कबूल केलं, दुसऱ्या कुणाचं नाव मात्र सांगितलं नाही. मागणं एकच होतं. चोरासारखं फासावर लटकवू नका, त्यापेक्षा तोफेच्या तोंडी द्या. काळ्या पाण्यापेक्षाही मरण बरं, असंही त्याचं म्हणणं होतं.

इथं टेलरची खरी अडचण सुरू होते. ठगाच्या बाबतीत त्याच्यासमोर वंशावळ होती. इथं समोर होता तो माणूस, ज्याला पाटी-पेन्सिल धरताना त्यानं पाहिलं होतं. हट्टी आहे, खुशमस्कऱ्यांचं ऐकतो, पैसा उधळतो, हे त्याला ठाऊक होतं आणि त्यानं ते लपवलंही नाही. तरी तो मुळात वाईट आहे, हे तो मानायला तयार नव्हता. कोणत्याही आरोपीच्या घरच्यांना हे पटेल. दोष सगळे माहीत असतात, तरी माणूस तेवढाच नसतो.

फौजी अदालतीनं मरणाची शिक्षा दिली. रेसिडेंट डेव्हिडसननं ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली. गव्हर्नर जनरलनं आणखी खाली आणून मद्रासजवळच्या चेंगलपट्टूच्या किल्ल्यात चार वर्षं कैद ठरवली. बायका सोबत न्यायला परवानगी. आणि वर एक अट, सुधारला तर संस्थान परत मिळेल.

पण सुधारला हे ठरवणार कोण आणि कशावरून? या प्रश्नाला आज निदान कायद्याचा रस्ता आहे, आणि तो फुकट आहे. 1958 च्या परिविक्षा कायद्यानुसार न्यायालय परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात, आरोपीची मानसिक तपासणी आणि घरची पार्श्वभूमी सरकारनंच खालच्या कोर्टापुढं ठेवावी असं सांगितलं. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. खासगी अहवाल जरूर जोडता येतो, पण तो कोर्टावर बंधनकारक नसतो. म्हणून घर गहाण टाकून तो आणण्याआधी वकिलाकडून परिविक्षा अहवालाची मागणी करून पाहावी. आणि कितीही महाग अहवाल असला तरी तो शक्यता सांगतो, भविष्य नाही.

भविष्यावरून परत वेंकटप्पाकडं. शिक्षा कमी झाल्यावर टेलरनं कुंडली माहीत असलेल्या ब्राह्मणाला सांगितलं की तुमचं भाकीत खोटं पडलं. ब्राह्मणाचं म्हणणं पडलं की वर्ष अजून सरलेलं नाही.

चेंगलपट्टूच्या वाटेवर एका मुक्कामात सोबतच्या अधिकाऱ्याचं रिव्हॉल्व्हर तंबूत राहिलं. गोळीचा आवाज आला. वेंकटप्पा मेला होता. अपघात की आत्महत्या, हे टेलरलाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

1860 मध्ये नवा तह झाला. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाला परत गेला आणि शोरापूरही त्यालाच देऊन टाकलं. त्याच वर्षी तब्येत ढासळलेला टेलर इंग्लंडला परतला. शेवटी डोळे गेले, तरी 1875 मध्ये तो एकदा हैदराबादला येऊन गेला. 13 मे 1876 ला फ्रान्समधल्या मांतों गावी तो वारला. वर्षभरानं त्याच्या मुलीनं, अ‍ॅलिसनं, त्याचं आत्मचरित्र छापलं. वेंकटप्पाची गोष्ट त्यात आहे. सुरपूरच्या टेकडीवर त्यानं बांधलेला बंगला अजून आहे, लोक त्याला टेलर मंझिल म्हणतात.