लक्ष्मणराव किर्लोस्कर : एका घराचा हिशोब

बेळगाव-निपाणी भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव ऐकले नाही असा विद्यार्थी विरळाच. पण आपण त्यांना ओळखतो ते कारखानदार म्हणून. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला त्यांच्या चरित्रात कारखान्याच्या आधी एक घर दिसले.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात मन रमेना. ओढ दोनच गोष्टींची, यंत्रांची आणि चित्रकलेची. वडील काशिनाथपंतांना हे पसंत नव्हते. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

येथे थोडे विषयांतर करतो. अर्थशास्त्राच्या जुन्या मांडणीत कुटुंब म्हणजे जणू एकच माणूस; एक मन, एक थैली. १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले गॅरी बेकर यांनी सर्वांचे हित पाहणारा कर्ता गृहीत धरला. अमर्त्य सेन आदींनी मात्र असे मांडले की घरात सहकार्य असते तशी ओढाताणही असते, आणि ज्याला वेगळा आधार आहे त्याच्या शब्दाला वजन येते. मला हे चटकन पटले. बारावीनंतर मला दुकानात बसवायचे असे अप्पांनी ठरवले होते. आई विड्या वळते. तिने आपल्या मजुरीतून माझी फी भरली आणि अप्पा गप्प झाले. लक्ष्मणरावांच्या बाबतीत ते वजन थोरल्या भावाने दिले.

पण दोन वर्षांतच कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकला सुटली. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. मग दोघा भावांनी सायकलींचा व्यापार मांडला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन पाठवीत, रामूअण्णा बेळगावात विकत. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! एकाचा पगार चालू, दुसऱ्याचे दुकान चालू. धंदा बुडाला तरी चूल विझणार नाही, अशी ही सोय होती. आज आपण विमा म्हणतो तो याहून काय निराळा?

पुढे बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. कडबा कापण्याची यंत्रे झाली, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तेवढा काळ कळ सोसली ती घराने. इतक्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे होती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी बेळगावचे बिऱ्हाड मोडून त्या माळावर संसार थाटला. जमाखर्चात अशा श्रमाला रकाना नसतो, ही आमच्या विषयातली मोठीच उणीव होय.

मिळाले ते घराने पुढच्या पिढीवर घातले. १९२२ साली मुलगा शंतनुराव अभियांत्रिकी शिकायला अमेरिकेस गेला. पुतणे शंकरराव यांनी वाडीतूनच १९२० साली 'किर्लोस्कर' आणि १९३० साली 'स्त्री' मासिक काढले. घरात कोणी ठरवायचे हा प्रश्न 'स्त्री'च्या पानांतून कितीतरी मराठी घरांत शिरला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. रामूअण्णांचे निघाले नाही.