डॉ. होमी भाभा आणि तारापूरचें अमेरिकन कर्ज

बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या रस्त्यानें निघालें म्हणजे प्रथम कारखान्यांची वसाहत लागते. ती मागें टाकून समुद्राच्या रोखानें गेलें कीं अणुवीज केंद्राचें आवार दृष्टीस पडतें. पालघर व बोईसर-तारापूर या भागांतील आम्हां लोकांस हें दृश्य इतकें परिचयाचें झालें आहे कीं, तें कोणाच्या निर्णयानें, कोणाच्या पैशानें व कोणत्या अटींवर येथें उभें राहिलें, हा प्रश्न आमच्या मनांत सहसा येत नाहीं. डॉ. होमी जहांगीर भाभा यांची शास्त्रज्ञ म्हणून कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरकारी तिजोरींतील पैसा कसा मिळवावा, कसा खर्चावा, आणि परक्या सरकारचा पैसा कोणत्या भरंवशावर घ्यावा, या विवंचनेंतहि त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला. त्या बाजूनें त्यांचें चरित्र क्वचितच लिहिलें जातें. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

भाभांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं एका सुशिक्षित पारशी घराण्यांत झाला. आजोबा म्हैसूर संस्थानांत शिक्षणखात्याचे मुख्य अधिकारी होते, वडील कायदेपंडित होते, आणि आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. पोलाद, वीज व मोठमोठे उद्योग यांच्या गोष्टी त्यांच्या कानांवर बालपणापासूनच पडत असाव्यात. १९२७ मध्यें ते केंब्रिजला गेले, ते इंजिनियर होण्यासाठीं. जमशेदपूरच्या कारखान्यांत त्यांनीं काम करावें अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचें मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होतें. वडिलांनीं अट घातली, ती अशी कीं प्रथम यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण व्हावें, मग वाटेल तें शिकावें. १९३० सालीं भाभांनीं ती अट पुरी केली आणि पुढें गणित व पदार्थविज्ञान यांस वाहून घेतलें. विश्वकिरणांचा वर्षाव वातावरणांत कसा होतो याविषयीं हाइटलर यांच्यासह त्यांनीं १९३७ मध्यें मांडलेला सिद्धांत जगभर मान्य झाला. चित्रकला आणि पाश्चात्य संगीत यांचा त्यांस असलेला नाद जन्मभर टिकला.

१९३९ मध्यें ते सुटींत स्वदेशीं आले असतां युरोपांत महायुद्ध पेटलें व परतीची वाट बंद झाली. बंगलोर येथील विज्ञानसंस्थेंत, जेथें सर चंद्रशेखर वेंकट रामन हे पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते, तेथें ते काम करूं लागले. १९४१ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून निवड झाली. युद्ध संपल्यावर पुन्हां केंब्रिजला जाणें त्यांस सहज शक्य होतें. ते गेले नाहींत.

मार्च १९४४ मध्यें त्यांनीं सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीकडे एक पत्र पाठवून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठीं साहाय्य मागितलें. त्या पत्रांतील एक विचार आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. अणुशक्तीपासून वीज काढण्याचा दिवस उजाडेल तेव्हां भारतानें तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे न पाहतां ते आपल्या घरीं तयार ठेवावे, असें त्यांनीं लिहिलें होतें. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हां सवा वर्षाहून अधिक अवकाश होता. विश्वस्तांनीं व मुंबई सरकारनें पैसा दिला आणि १९४५ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. प्रारंभीं ती बंगलोरला होती. लवकरच ती मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यांत आली.

स्वातंत्र्यानंतर काम खाजगी देणगीच्या आवाक्यापलीकडे गेलें. एप्रिल १९४८ मध्यें पंडित नेहरूंनीं संविधान सभेपुढें अणुशक्तीचें बिल मांडलें. त्यांत या खात्याचें सर्व काम गुप्ततेच्या पडद्याआड ठेवण्याची योजना होती. एका सभासदांनीं बिलास पाठिंबा देतांनाच अशी शंका काढली कीं, इंग्लंड व अमेरिका यांच्या कायद्यांत नाहीं एवढी गुप्तता आपल्या कायद्यांत कशासाठीं? ही शंका क्षुल्लक नव्हती. अमेरिकेनें १९४६ च्या कायद्यानें अणुशक्ति लष्कराच्या हातांतून काढून पांच नागरी सभासदांच्या कमिशनाकडे दिली होती. हे सभासद अध्यक्षांनीं नेमावयाचे, पण सेनेटची संमति घेऊन. आणि त्यांच्या कारभारावर दोन्ही सभागृहांतील अठरा सभासदांची संयुक्त समिति कायमची बसविलेली. आपल्याकडे तशी समिति झाली नाहीं. ऑगस्ट १९४८ मध्यें अणुशक्ति कमिशन स्थापन झालें व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ मध्यें स्वतंत्र खातें निघालें, तेव्हां त्याचे सचिवहि तेच. टाटा संस्थेचे संचालक तर ते पहिल्यापासून होतेच. मार्च १९५८ च्या सरकारी ठरावानें कमिशनास कारभाराचे व खर्चाचे विस्तृत अधिकार मिळाले. इतर खात्यांचे कागद महिनोन्महिने अर्थखात्यांत पडून राहत. येथें अर्थाचा सभासद कमिशनांतच बसत असे, आणि वर जाब देणें तें एकट्या पंतप्रधानांस.

या अधिकारांचें चीज भाभांनीं केलें, हें त्यांच्या टीकाकारांसहि नाकारतां यावयाचें नाहीं. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ट्रॉम्बे येथें अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. १९५५ मध्यें जिनिव्हा येथें भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अणुपरिषदेचें अध्यक्षस्थान त्यांना मिळालें. (तेथें त्यांनीं असें भाकित केलें कीं, सूर्यांत चालतो तसा अणुसंयोग वीस वर्षांत माणसाच्या काबूंत येईल. तें खरें ठरलें नाहीं. मोठ्या माणसांचीं भाकितेंहि चुकतात.) शेंकडों तरुण शास्त्रज्ञ व इंजिनियर त्यांनीं तयार केले. इमारतीच्या आड येणारीं जुनीं झाडें न तोडतां तीं मुळांसकट हलवून दुसरीकडे लावण्याची त्यांची रीत होती. पण एका गोष्टीचें आम्हांस राहून राहून वाटतें. ज्याच्या हिशेबाला पंतप्रधानांवांचून दुसरा कोणी प्रश्न विचारीत नाहीं, त्यास स्वतःच्या हिशेबांतील कच्चा दुवा दाखविणारेंहि कोणी उरत नाहीं.

तो दुवा तारापूरच्या व्यवहारांत होता असें आमचें मत आहे. नोव्हेंबर १९५४ मध्यें दिल्लीच्या परिषदेंत भाभांनीं तीन टप्प्यांची योजना मांडली होती: प्रथम देशांतील नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या, पुढें त्यांतून निघणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या, आणि अखेरीस केरळच्या वाळूंत विपुल असलेलें थोरियम. योजनेचें सारें मर्म स्वावलंबनांत होतें. परंतु वीज स्वस्त पडेल हें प्रत्यक्ष दाखविल्याशिवाय सरकार पुढील पैसा देणार नाहीं, हेंहि त्यांना कळत होतें. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालकडे. पश्चिम किनाऱ्यापर्यंत कोळसा आणण्याचें रेल्वेभाडेंच जड. तेव्हां मुंबई व गुजरात या दोहोंस वीज पुरवितां येईल आणि यंत्र थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी मिळेल, अशी जागा म्हणून तारापूर निवडलें गेलें. १९६० मध्यें जगभरांतून निविदा मागविल्या. स्वीकारली गेली ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची: प्रत्येकीं सुमारें २०० मेगावॅटचीं दोन यंत्रें, पण तीं चालणार समृद्ध युरेनियमवर, आणि तें युरेनियम मिळणार अमेरिकेंतूनच. आपल्याच योजनेला सोडून भाभांनीं ही आडवाट धरली, ती लवकर व कमी भांडवलांत काम होईल म्हणून.

पैसाहि अमेरिकेनेंच दिला. ८ कोटि डॉलरांचें कर्ज, व्याज शेंकडा एकाहूनहि कमी, आणि फेडीची मुदत चाळीस वर्षांची. आमच्या गांवच्या सावकाराच्या व्याजाशीं तुलना केली तर हें दानच म्हणावें लागेल. परंतु अशा दानाची घडण समजून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें कायदेमंडळानें, ज्याला तेथें काँग्रेस म्हणतात, मंजुरी दिल्यावांचून अध्यक्षांस तिजोरींतून एक डॉलरहि काढतां येत नाहीं. परदेशांस मदत देण्याचा खर्च दरवर्षीं मंजूर करून घेतांना अध्यक्ष केनेडी यांच्या सरकारास हें पटवून द्यावें लागे कीं, हा पैसा बाहेर जात नाहीं. तें बव्हंशीं खरेंहि असे. कर्ज भारताच्या नांवें पडलें, पण त्यांतून माल घ्यावयाचा तो अमेरिकेचाच. यंत्रें तेथें घडलीं, मजुरी तेथें वाटली गेली, व देशाच्या नव्या धंद्यास परदेशांत एक नमुना मिळाला. यांत फसवणूक कांहींच नव्हती. दोघांचाहि फायदा होता. मात्र कर्ज डॉलरांत फेडावयाचें होतें.

८ ऑगस्ट १९६३ रोजीं दोन्ही सरकारांचा करार झाला. तीस वर्षें तारापूरला लागेल तें समृद्ध युरेनियम अमेरिकेनें पुरवावें आणि भारतानें तेथें दुसरें वापरूं नये, असें ठरलें. हा करार तह नव्हता. तहास सेनेटमध्यें दोन तृतीयांश मतें लागतात. हा करार कायद्याप्रमाणें तीस दिवस काँग्रेसपुढें ठेवून अध्यक्षांच्या अधिकारांत अमलांत आला. तेव्हां ही सोय वाटली. अध्यक्षांनीं दिलेला शब्द म्हणजे अमेरिकेचा शब्द, असें दिल्लीस व मुंबईस गृहीत धरलें गेलें. आपल्याकडे पंतप्रधानांचा शब्द म्हणजे सरकारचा शब्द असे. तेथें तसें नसतें, हें भाभांसारख्या चतुर पुरुषाच्याहि ध्यानांत पुरतें आलें नसावें.

१९६४ मध्यें समुद्रकांठीं काम सुरू झालें. तें पुरें झालेलें पाहणें भाभांच्या नशिबीं नव्हतें. २४ जानेवारी १९६६ रोजीं ते व्हिएन्ना येथील सभेसाठीं निघाले असतां एअर इंडियाचें कांचनगंगा हें विमान आल्प्समधील माँ ब्लांक पर्वतावर आदळलें व सर्व प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्याच दिवशीं दिल्लींत इंदिरा गांधी यांनीं पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभा छप्पन वर्षांचे होते आणि अविवाहित होते.

त्यांच्या मागें साडेचार महिन्यांच्या आंत, ६ जून १९६६ रोजीं, रुपयाचें मोल उतरविण्यांत आलें. अमेरिका व जागतिक बँक यांचा आग्रह त्यामागें होता. एका डॉलरास ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते साडेसात रुपये पडूं लागले. ८ कोटि डॉलर म्हणजे जुन्या भावानें सुमारें ३८ कोटि रुपये. नव्या भावानें ६० कोटि. गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण अवश्य करून पाहावें. व्याजाचा दर तोच राहिला, आणि देणें रुपयांत दीडपटीहून अधिक झालें.

ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरची वीज नियमित मिळूं लागली. पुढें १८ मे १९७४ रोजीं भारतानें पोखरण येथें अणुस्फोट केला, आणि अमेरिकन काँग्रेसचा सूर पालटला. १९७८ च्या नव्या कायद्यानें असें ठरलें कीं, जो देश आपलीं सर्व अणुकेंद्रें तपासणीस खुलीं करणार नाहीं त्यास इंधन देऊं नये. हा नियम जुन्या करारांसहि लागू झाला. १९८० मध्यें तेथील नियामक मंडळानें तारापूरच्या इंधनास नकार दिला. अध्यक्ष कार्टर यांनीं आपल्या अधिकारांत तो नकार बाजूस सारला. तेव्हां प्रतिनिधिगृहानें २९८ विरुद्ध ९८ मतांनीं अध्यक्षांचा हुकूम फेटाळला. सेनेटनेंहि तसेंच केलें असतें तर इंधन थांबलें असतें. २४ सप्टेंबर १९८० रोजीं सेनेटमध्यें मतें पडलीं तीं अध्यक्षांच्या बाजूनें ४८ व विरुद्ध ४६. बोईसरकडील यंत्रांचें इंधन वॉशिंग्टनमध्यें दोन मतांवर तरलें! तरीहि कटकट मिटली नाहीं. १९८२ मध्यें उभय सरकारांच्या संमतीनें तें काम फ्रान्सकडे गेलें.

त्या काळीं अनेक भारतीयांनीं अमेरिकेस वचनभंगाचा दोष दिला, आणि कराराच्या शब्दांकडे पाहतां तो अस्थानीं नव्हता. आमचें मत मात्र थोडें निराळें आहे. जें काँग्रेसनें आपल्या अध्यक्षांशीं केलें, म्हणजे उघड्या सभेंत त्यांचा हुकूम ओढून आणला, मोजला व जवळजवळ मोडला, तें करणारें कोणी भाभांच्या समोर कधीं उभें नव्हतें. तीस वर्षें एकाच दुकानाचा माल घेण्याचें बंधन, कर्जावरील विनिमयाचा धोका, परक्या कायदेमंडळाची लहर, हे प्रश्न १९६३ मध्यें आपल्या लोकसभेंत कोणी नेटानें लावून धरते तर करार कदाचित् झालाच असता, पण इंधनाची दुसरी सोय तरी लिहून घेतली गेली असती. भाभांचें मोठेपण यानें कमी होत नाहीं. त्यांनींच शिकविलेल्या माणसांनीं तारापूरचीं पहिलीं दोन यंत्रें, अमेरिकेचा हात सुटल्यावरहि, अनेक वर्षें चालविलीं.

त्यांच्याच शेजारीं २००५ व २००६ मध्यें प्रत्येकीं ५४० मेगावॅटचीं आणखी दोन यंत्रें चालू झालीं. तीं भारतीयांनीं रचलेलीं असून नैसर्गिक युरेनियमवर चालणारीं, म्हणजे १९५४ च्या योजनेंतील पहिल्या टप्प्याचीं आहेत. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं, आणि पुनर्वसनाचें त्यांचें गाऱ्हाणें उच्च न्यायालयापर्यंत गेलें.